आत्याचे उपास

आमच्या दवाखान्यात पोटाचं दुखणं घेऊन येणाऱ्या माणसाचा आधी सोडा खाऊन झालेला असायचा, मग ओवा, मग हिंग, मग भगताचा अंगारा, आणि शेवटी पोटावर तापलेल्या विळ्याचे डाग. हे सगळं करून थकला की त्याला आमची आठवण व्हायची. तोवर पोटात हाताला लागेल एवढा गोळा झालेला असे. डॉक्टर तपासून हात धुवायचे आणि खुर्चीवर येऊन गप्प बसायचे. मग त्या माणसाच्या बायकोला नाहीतर भावाला व्हरांड्यात नेऊन खरं काय ते सांगण्याचं काम माझ्याकडे यायचं. डॉक्टरांना रडणं बघवत नसे, आणि मला बघवतं असा त्यांनी आपला सोयीचा समज करून घेतला होता.

ही गोष्ट घाटंजी तालुक्यातली, महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची. मी नागपूरला नर्सिंग शिकून सरकारी दवाखान्यात लागले होते. लग्न व्हायचं होतं. एकटी तरणी मुलगी परगावी राहते म्हटलं की गावाच्या जिभेला काम मिळतं, म्हणून वडिलांनी माझ्यासोबत आत्याला पाठवून दिलं. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत आमचा संसार सुरू झाला.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. मी रांगत होते तेव्हा माझी आई गेली आणि मला आत्याने वाढवलं. ती स्वतः लहानपणीच विधवा झालेली. लग्नात अंतरपाटापलीकडे पाहिलेला नवरा तिने पुन्हा पाहिला नाही. तेव्हापासून भावाच्या घरी राबली. हाडापेराने दणकट, बोलायला फटकळ, आणि भाकर अशी पातळ थापायची की मी तिला म्हणायचे, यातून पेपर वाचता येईल. माझा फटकळपणा तिच्याकडूनच आला. माझ्या सासरचे लोक त्यासाठी अजून तिच्या नावाने बोटं मोडतात.

डॉक्टर नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात सर्जनच्या हाताखाली काम करून आले होते. तिथे त्यांनी पोटाच्या कॅन्सरचे रोगी टेबलावर घेतलेले पाहिले होते. पोट उघडायचं, आत बघायचं, आणि काही न करता शिवून टाकायचं, असं पुन्हा पुन्हा पाहून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. हा रोगी लवकर आला तर सर्जन रोग कापून काढू शकतो, आणि तो लवकर यावा हे बघण्याचं काम नागपूरच्या सर्जनचं नाही, आपलं आहे. त्यांनी कोतवालाकरवी डफडं वाजवून दवंडी दिली. चाळिशीच्या पुढच्या माणसाची भूक मेली, दोन घासांत पोट भरायला लागलं, अंग उतरायला लागलं, आणि महिनाभर हे असंच चाललं, तर त्याने दवाखान्यात यावं. त्याला नागपूरला पाठवून पोटाचा फोटो काढवू. लोक हसले. भूक कमी झाली तर ज्वारी वाचली, त्यात दवाखान्याचं काय काम, असं पारावर दोन-चार जण बोलले तेही आमच्या कानावर आलं.

हा रोग कशाने होतो हे तेव्हा कोणालाच धड ठाऊक नव्हतं. डॉक्टरांचा संशय बाजारातल्या खारवलेल्या वाळल्या मासळीवर होता, तंबाखूवर होता, उन्हाळाभर हिरवी भाजी न दिसणाऱ्या ताटावर होता. विहिरीत लाल औषध टाकायला ते स्वतः जायचे, पण ते पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, भीतीने. पुढे फार वर्षांनी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की पोटात वर्षानुवर्षं बिऱ्हाड करून राहणारा एक जंतू असतो, घाण पाण्यातून आणि एकमेकांच्या उष्ट्यातून तो घरभर फिरतो, आणि या रोगाची सुरुवात पुष्कळदा तोच करतो. म्हणजे ती विहीर आणि ते लाल औषध या रोगाच्याही वाटेवर होतं, आणि आम्हाला ते माहीत नव्हतं. आत्या मला लहानपणी भाकर चावून भरवायची. म्हातारपणी मी स्वतःची तपासणी करून घेतली. जंतू होता. गोळ्या घेतल्या आणि तो गेला.

दवंडीनंतर हळूहळू पुरुष यायला लागले. बायका येत नव्हत्या. घरी जाऊन विचारावं तर नवरा दारातच उत्तर द्यायचा.

"बायको नीट जेवते का?" डॉक्टर विचारायचे.

"जेवते ना सायब. तिले काय धाड भरली?"

एकदा मला राहवलं नाही. मी अशाच एकाला विचारलं, "काल रातच्याला तिनं काय खाल्लं, सांगा बरं." तो माझ्याकडे असा बघत राहिला जसं मी त्याच्या बायकोची नाही, शेजाऱ्याच्या बायकोची चौकशी केली. त्याने तिला जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. कोणीच पाहत नसे. पुरुष जेवायचे, पोरं जेवायची, सासू जेवायची, आणि मग ती चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून उरलेलं खायची. तिने काय खाल्लं, किती खाल्लं, खाल्लं की ताट तसंच उचलून कुत्र्यासमोर टाकलं, हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नसायचं. ज्या रोगाची पहिली खूण ताटात दिसते, तो रोग या बायकांच्या पोटात बिनधोक वाढत होता, आणि घरचे लोक शपथेवर सांगत होते की खाते ना, चांगली खाते.

घाटंजीच्या आठवडी बाजारात एक मुसलमान बाई बांगड्या भरायला बसायची. बाजारातली सासूची जागा तिच्याकडे आली होती. सगळ्या तिला भाभी म्हणायच्या. गप्पिष्ट, आणि धंद्याला एकदम पक्की. मी तिच्याकडे बसायला जायचे, कारण तिच्याकडे चहा मिळायचा आणि तालुक्यातल्या सगळ्या भानगडी कळायच्या. एकदा एका बंजारा तांड्यावरच्या बाईला बांगड्या भरून पाठवल्यावर ती मला म्हणाली, "देखो ना सिस्टर, ये तांडेवाली दिवाली को आई थी तो हाथ घुसता नव्हता. साबन लगाया, रो दी बिचारी. आज चूड़ी ऐसी गई जैसे बच्ची का हाथ."

भाभी तिच्या आजाराबद्दल काही सांगत नव्हती. धाकट्या मापाच्या बांगड्या जास्त खपतात, त्या पुरतील का याचीच तिला चिंता होती. पण माझ्या डोक्यात तिथल्या तिथे विचार आला. नवरा बायकोचं ताट बघत नाही, पण बांगडीवाली तिचं मनगट धरते, वर्षातून दोनदा तरी धरते, आणि गेल्या वेळचं माप तिच्या ध्यानात असतं. मी डॉक्टरांना सांगितलं. ते आधी हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, "विचारून बघा तिला."

भाभीने मान्य केलं. दर बाजारी ती मला सांगायची, अमुक गावची अमकी, हात उतरला. मग मी लेकराला टोचायच्या निमित्ताने त्या घरी जायचे, चुलीपाशी बसायचे आणि हळूच पोटाची गोष्ट काढायचे. पुष्कळदा फुकटची पायपीट व्हायची. कोणी नुकतंच पोराचं दूध तोडलेलं असायचं, कोणाच्या पोटात जंत, एकीच्या नवऱ्याने दुसरी आणून बसवली होती आणि ही वाळत चालली होती. दोघींना क्षय निघाला, तो वेळेत सापडला हे एक बरं झालं. आणि ती तांड्यावरची बाई, नागपूरच्या फोटोत तिच्या पोटात खरंच तो रोग निघाला, पण अजून लहान होता. तिला ऑपरेशनसाठी पुन्हा नागपूरला न्यायचं म्हटल्यावर नवरा तयार होईना. डॉक्टर तांड्याच्या नायकाच्या घरी जाऊन बसले, त्याच्या हातचा चहा प्यायले, आणि नायक हो म्हणाला तेव्हाच उठले. ती अर्धं पोट कापून परत आली. दिवसातून पाच वेळा थोडं थोडं खायची, आणि तिची सासू येईल त्याला सांगायची की माझी सून दिवसभर चरते. पण ती जिवंत होती. ती आली त्या दिवशी डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने आम्हा सगळ्यांना चहा करून दिला. वाईट झाला होता, आम्ही कौतुकाने प्यायलो.

"आता कोणी बाई आपल्या हातून सुटणार नाही, सिस्टर," ते म्हणाले.

त्याच पावसाळ्यात आत्याचे उपास वाढत होते.

सोमवार आणि एकादशी ती पहिल्यापासून करायची. आषाढात गुरुवार धरला. मग शनिवार. मग चतुर्थी. श्रावण लागला तेव्हा तिने महिनाभर भगरीवर राहायचं ठरवलं, आणि श्रावण संपला तरी ते तसंच राहिलं. मी कामावरून यायचे तोवर तिचं म्हणे फराळाचं होऊन गेलेलं असायचं. मला ताट वाढून ती समोर बसायची आणि गावच्या गोष्टी सांगायची.

गावानेही ते पाहिलं. आत्या त्या गावात आली तेव्हा तिची जागा ठरलेली होती, जी पांढऱ्या कपाळाच्या बाईची सगळीकडे असते. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, वरात निघाली की दारामागे व्हायचं, सकाळी कोणाच्या समोर यायचं नाही. पण उपासांची गोष्ट पसरली आणि बायका यायला लागल्या. आधी एक-दोघी, मग आळीच्या आळी. मारुतीच्या देवळात भजनाला तिला पुढे बसवायला लागल्या. एका घरी नवी सून आली तर सासूने तिला आणून आत्याच्या पाया पडायला लावलं. नवी नवरी, हिरवा चुडा भरलेली, आणि आत्याच्या पायावर डोकं. त्या दिवशी आत्या घरी आली ती बराच वेळ उंबऱ्यावर बसून होती.

"थे पोरगी पडली ना पाया," ती म्हणाली, "तं मले समजेच ना, आशीर्वाद कसा देतात थे. मले कोणी शिकवलंच नाही ना."

मी हसले आणि म्हणाले, "आता तुझं देऊळ बांधू." मला मनापासून आनंद झाला होता. चाळीस वर्षं जिला लोक वाटेत बघून थुंकत होते, तिला कोणी पुढे बसवतं आहे, याचा मला आनंद झाला तर त्यात माझं काही चुकलं असं मी आजही मानत नाही.

दिवाळी जवळ आली होती. एका दुपारी मी लवकर परतले, तर आत्या मागच्या ओट्यावर उन्हात चोळी शिवत बसली होती. नवी नव्हे, रोजचीच, जुनी. बाह्यांची शिवण आत घेत होती.

"हे काय करतेस?"

"सैल झाली धुऊन धुऊन."

मी आत गेले, पाणी प्यायले, आणि घोट घेता घेता थांबले. कापड धुतल्याने आटतं. सैल होत नाही. मी परत बाहेर आले. तिच्या शेजारी दुसरी चोळी घडी करून ठेवली होती, तिचीही शिवण आत घेतलेली, आणि ती एकदा नाही, दोनदा. आधीच्या टाक्यांची भोकं दिसत होती. तिचं मनगट मी तेव्हा नीट पाहिलं. ते रिकामं होतं, आणि ते नेहमीच रिकामं होतं. भाभीने सगळ्या तालुक्याची मनगटं धरली होती, पण विधवेचा हात बांगडीवाली कशाला धरेल? आमच्या त्या सगळ्या हुशारीत एकही विधवा नव्हती. भाभीने मला जितक्या बायका सांगितल्या, त्या सगळ्या सवाष्णी होत्या, आणि हे ना डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं, ना माझ्या, ना भाभीच्या.

मी चूल पेटवली. वरण-भात केला, भाकर टाकली, दोन ताटं वाढली.

"बस," मी म्हणाले. "माझ्यासमोर जेव."

"आज मंगळवार हाये."

"मंगळवारी कोणता देव?"

"देवीचा असते."

"कालपर्यंत नोयता मंगळवार. आत्या, बस."

मी कधी तिच्याशी त्या आवाजात बोलले नव्हते. ती बसली. तिने एक घास घेतला, मग दुसरा, आणि तिसरा हातात धरून ती ताटाकडे बघत राहिली. मग तो तिने खाली ठेवला. थोड्या वेळाने उठून मोरीत गेली आणि ते दोन घासही उलटले. मी तिची पाठ धरली. पाठीचा कणा हाताला एकेक मणी लागत होता. ज्या पाठीवर बसून मी शेतात जायचे ती ही पाठ.

"कवापासून?" मी विचारलं.

"आखाडापासून. दोन घास जातात, मंग इथं अडकते." तिने छातीखाली बोट ठेवलं. "फराळाचं म्हणून जे मी करतो ना, थे थ्या कुत्रीले टाकतो."

"मले काहून नाही सांगतलं? मी नर्स हाये ना आत्या?"

"सांगतलं असतं तं तू दवाखान्यात नेलं असतं. मंग सगळ्याईले समजलं असतं का हिले रोग हाये, उपास नाही." तिने पदराने तोंड पुसलं. "पोरी, मले काही कमी नोयतं. भावानं सांभाळलं, तू हायेस. पन माह्या पाया कोणी पडलं नोयतं कधी. आता लोकं पाया पडून राह्यले. थे मी कायले सोडू?"

मला राग आला. तिचा आला, गावाचा आला, आणि त्या सगळ्या देवांचा आला ज्यांच्या वारांमागे एक बाई चार महिने लपून राहू शकली. लोक पुढे मला म्हणाले, तू घरात असून तुला कसं दिसलं नाही. मी हा दोष घेत नाही. बाईने भिंतीकडे तोंड करून जेवायचं हे मी ठरवलं नव्हतं, आणि विधवेने जितकं कमी खावं तितकं तिचं पुण्य मोठं, हेही मी ठरवलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिला बराच वेळ तपासलं. मग हात धुतले आणि खुर्चीवर येऊन बसले. नातेवाइकाला व्हरांड्यात नेऊन सांगायला या वेळी कोणी नव्हतं, कारण नातेवाईक मीच होते. शेवटी त्यांना बोलावं लागलं.

"उद्याच्या यष्टीने निघा," ते म्हणाले. "मी चिठ्ठी देतो."

नागपूरला फोटोसाठी तिला पांढरं, खडूसारखं बेरियम प्यायला दिलं. तिने पेला हातात घेऊन मला विचारलं, "हे उपासाले चालते का?" ती थट्टा करत होती की खरंच विचारत होती हे मला अजून कळलेलं नाही. मी चालते म्हणाले आणि ती ते हळूहळू प्यायली. मग ऑपरेशनचा दिवस ठरला. तिला आत नेलं, आणि आमच्या अंदाजापेक्षा फार लवकर बाहेर आणलं. इतक्या लवकर बाहेर आणण्याचा अर्थ काय असतो ते मला माहीत होतं. सर्जन येऊन म्हणाले, रोग लिव्हरपर्यंत गेला आहे, आषाढात आणलं असतं तर काही करता आलं असतं.

शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी तिने मला जवळ बोलावलं.

"काढलं का?"

"नाही."

"थ्या तांडेवालीचं तं काढलं होतं."

"हो. ती लवकर आली होती."

आत्या छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे उपास केले म्हणून नाही वाचलं."

"नाही आत्या."

तिने मान भिंतीकडे वळवली.

तिला घेऊन मी गावी परतले त्या संध्याकाळी अंगणात बायका मावेनात. नारळ, फुलं, एकीने तर हळदीच्या पाण्याने भरलेला तांब्या आणला होता. गावात गोष्ट तयारच होती. देवीने तिची परीक्षा घेतली, एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी पोट फाडलं आणि आत त्यांना काही सापडलं नाही म्हणून त्यांनी हात जोडून शिवलं. मी ऐकत होते आणि मला हसावं की कोणाच्या तरी कानाखाली वाजवावी हे समजत नव्हतं. तेवढ्यात एक बाई कौतुकाने सांगायला लागली की आत्याबाईचं बघून आळीतल्या दोन विधवांनीही तसेच उपास धरले आहेत, एकीने तर अन्नच सोडलं आहे, आता फक्त दूध घेते.

आत्या भिंतीला टेकून बसली होती. मागे पाया पडलेली ती नवी सून पुढे झाली, वाकली. आत्याने पाय ओढून घोंगडीखाली घेतले.

"पाया नका पडू," ती म्हणाली. आवाज फार बारीक झाला होता, पण अंगण गप्प झालं. "म्या उपास नाही केले. मले जेवण जात नोयतं. खोटं बोललो मी देवाच्या नावानं. थे दूध पिते ना, तिले सांगा दवाखान्यात जा म्हना. भूक मेली तं थे पुण्य नसते माय, थे दुखणं असते."

सून सासूकडे बघत अर्धी वाकलेलीच उभी होती, मग सासूने तिचा दंड धरून तिला मागे घेतलं. हळदीचा तांब्या घेऊन आलेली बाई तो तसाच घेऊन गेली. दाराशी कोणीतरी म्हणालं, "दुखण्यानं डोस्कं फिरलं तिचं," आणि दुसरी म्हणाली, "कायचं डोस्कं फिरलं, खोटारडी होती म्हना." ते आत ऐकू आलं. आत्यालाही आलं.

त्यानंतर आमच्याकडे कोणी आलं नाही. भजनाचं बोलावणं बंद झालं. मी पाण्याला गेले की विहिरीवरचं बोलणं थांबायचं. जे चाळीस वर्षांत तिला एकदा मिळालं होतं ते तिने आपल्या हाताने उचलून देऊन टाकलं, आणि घेणाऱ्यांनी ते उकिरड्यावर फेकलं. मला तर वाटायचं, गप्प राहिली असती तर काय बिघडलं असतं? फुलं पाहत, नमस्कार घेत सुखाने गेली असती. हे मी एकदा तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "मंग थ्या दोघीईचं काय?"

त्या दोघींच्या घरी मी जाऊन आले. एकीने दार उघडलं नाही. दुसरी, ती दूधवाली, म्हणाली की तिला काही झालं नाही, तिची भक्ती खरी आहे. पोट तपासू द्यायला ती तयार नव्हती. डॉक्टरांनी पुन्हा दवंडी दिली, विधवा बायांसाठी वेगळी, तर गावात त्याचीही चेष्टा झाली. भाभीला मी विधवांवरही नजर ठेवायला सांगितलं, तर तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "मैं किसका हाथ पकडूँ सिस्टर, वो तो दुकान के सामने से भी नहीं जातीं."

दवाखाना बंद करून मी घरी आले की आत्या रोज एकच विचारायची.

"आली का कोनी?"

"नाही."

खोटं सांगता आलं असतं. पण तिने मला वाढवलं होतं, माझं खोटं तिला चेहऱ्यावरून कळायचं. दिवाळी गेली, कापूस वेचून घरी आला, थंडी पडली. तिच्या तोंडात मी चमच्याने पाणी घालायचे, आणि तेही कधी राहायचं, कधी नाही. अंगाला हात लावला तरी दुखायचं. डॉक्टर येऊन दुखणं थांबवायची सुई द्यायचे. बोलणं तिने जवळपास बंद केलं होतं. पण ते तीन शब्द ती रोज साठवून ठेवायची, आणि मी रोज नाही म्हणायचे, आणि ती डोळे मिटायची.

मग एका दिवशी शेवटचे रोगी गेल्यावर मी कुलूप शोधत होते, तर व्हरांड्याच्या खांबामागे एक बाई उभी होती. बोडक्या कपाळाची, पायात धूळ. कोणत्या गावची विचारलं तर तिने फक्त दिशेने हात केला. ती सगळे जायची वाट बघत तिथे किती वेळ उभी होती कोणास ठाऊक.

"तुमच्या आत्याबाईनं जे सांगतलं म्हंतात," तिने विचारलं, "थे खरं हाये का?"

"काय?"

"का भूक मेली तं थे पुण्य नसते."

मी दार परत उघडलं. डॉक्टरांना घरून बोलावून आणलं. त्यांनी तपासलं आणि या वेळी खुर्चीवर जाऊन बसले नाहीत, उभ्या उभ्याच नागपूरची चिठ्ठी लिहिली. तिच्या फोटोत काय निघेल हे त्या दिवशी आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मी तिला चहा दिला आणि सकाळच्या यष्टीपर्यंत दवाखान्यातच खाटेवर झोपायला सांगितलं.

घरी आले तेव्हा आत्या जागी होती. तिने विचारायच्या आधीच मी सांगितलं, आली एक.

तिने डोळे उघडले. "कोन?"

"तू नाही ओळखत. बाहेरगावची आहे. विधवा."

"कवापासून जात नाही तिले?"

"पंधरा दिवस झाले म्हणते."

आत्याने जिभेने ओठ चाचपले. तिचे ओठ कोरडे पडले होते, मी कापूस ओला करून त्यांवर फिरवला.

"पंधराच," ती म्हणाली. "मंग येळ हाये तिले."